पप्पांच्या उजव्या बाजूला

मी निघाले त्या सकाळी रेंजवर फायरिंग चालू होतं. देवळाली कॅम्पमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही. टॅक्सी दारात उभी होती आणि मम्मीच्या सूचना संपत नव्हत्या. "चिवडा मोठ्या बॅगेत आहे, पासपोर्ट मात्र हातातच..." तेवढ्यात तोफ वाजली. खिडकीच्या काचा थरथरल्या. मम्मी थांबली, आवाज ओसरू दिला आणि "...ठेव," म्हणाली. टॅक्सीवाला मुंबईचा होता, तो मात्र सीटवरून उडालाच.

पप्पा फाटकाशी उभे होते. ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव घोटीकडचं, पण नोकरी संपल्यावर त्यांनी घर कॅम्पातच बांधलं. तोफांनी त्यांचा डावा कान पूर्ण नेला, उजवा थोडा ठेवला. म्हणून आमच्याकडे जेवायला सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसतात. डावीकडची खुर्ची वर्तमानपत्रांची. कानाचं मशीन आणलेलं आहे, पण ते घातलं की फक्त भांडीच ऐकू येतात, असं त्यांचं म्हणणं.

"पोचली की रिपोर्ट दे," ते म्हणाले. "मेसेज नाय. बोलून. अन् जोरात." मी टॅक्सीत बसल्यावर खिडकीत वाकून पुन्हा म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. पोस्टिंग संपलं की परत युनिटला."

शिक्षणाची ती दोन वर्षं मला सोपी वाटली होती. अवघड होतं ते जोरात बोलणं. माझ्या इंग्लिश मीडियम शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा असायचा, मुलगी हळू बोलते. बेल्जियममध्ये आल्यावर मी आणखी हळू बोलू लागले. इथे गेंटमध्ये आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडच्या खोलीत कुणी शिंकलं तरी कळतं. तिथे "पप्पा, मी जेवले!" असं कसं ओरडणार? मग मी मम्मीच्या फोनवर बोलायचे आणि मम्मी ते पप्पांना ओरडून सांगायची. माझ्या परीक्षा, माझा ताप, सायकल चोरीला गेली ते, सगळं त्यांच्यापर्यंत मम्मीच्या आवाजात पोचलं. बाहेर राहणाऱ्या कितीतरी जणांचं असं होत असेल. आपण घरातल्या एकाशीच बोलतो आणि समजतो की घरी बोललो.

या एप्रिलमध्ये मला इथे नोकरी मिळाली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मम्मीला तीन आठवडे आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाकी सगळं ओरडते मी तुझ्यासाठी. हे नाही हं सांगणार. तुझं तू सांग." त्यानंतरचा प्रत्येक फोन मी हवापाण्यावर संपवला.

शनिवारी युनिव्हर्सिटीची बस ईपरला जाणार होती, पहिल्या महायुद्धाच्या जागा दाखवायला. खोलीत बसवत नव्हतं म्हणून नाव दिलं. बसमध्येही बसवेना. दोनदा जागा बदलली, चारदा ती नोकरीची ईमेल उघडून बंद केली. माझी रूममेट मार्ता, स्पेनची, शेवटी म्हणाली, "तुला उलटी होतेय का?"

निघायच्या आधी पप्पांचा निरोप आला होता, अर्थात मम्मीकडून. "विचारतायत, तिथं भिंतीवर आपल्या लोकांची पण नावं आहेत ना? बघून ये." गावाच्या वेशीवर एक प्रचंड कमान आहे, त्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची नावं कोरलेली; तिथे मी मान उंच करून आपली नावं शोधली. सापडली. कुठलं कुठलं गाव सोडून आलेली माणसं, या चिखलात. फोटो काढला आणि तिथून निघाले, कारण थांबले असते तर रडले असते. खरं तर ती माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्यांचीच जागा होती, सगळे कुजबुजत बोलत होते. पण मला त्या शांततेचा त्रास होत होता.

मग गाईडने आम्हाला शेतांमधल्या रस्त्याने नेलं. नांगरटीचे दिवस होते. एका खांबाच्या पायथ्याशी गंजलेला तोफगोळा पडलेला होता, नुकता मातीतून निघालेला. गाईड पुढे गेला होता. मार्ता वाकली आणि तिने हात पुढे केला.

"हात लावू नको!"

मराठीतच ओरडले मी. अख्खा ग्रुप वळला. मार्ताचा हात तसाच हवेत राहिला. लहानपणी पप्पांनी आम्हा भावंडांकडून घोकून घेतलं होतं, रेंजकडे काही पडलेलं दिसलं तर हात नाय लावायचा, लांब थांबायचं, मोठ्यांना सांगायचं. गंजलं म्हणजे मेलं असं नाय. गाईड धावत आला आणि त्याने सगळ्यांना मागे घेतलं. शंभर वर्षं झाली तरी नांगराला असे गोळे लागतात, म्हणाला. शेतकरी ते रस्त्याकडेला ठेवतात आणि लष्कराची गाडी घेऊन जाते.

"तुला असा आवाज आहे?" मार्ता म्हणाली. मलाही माहीत नव्हतं.

घसा अजून गरम होता. तो थंड व्हायच्या आत मी बाजूला जाऊन फोन लावला. पहिल्यांदाच मम्मीच्या नाही, पप्पांच्या नंबरवर.

"कोण? बोल बाळा. मम्मी झोपलीय."

"पप्पा, मला इथे नोकरी लागलीय! मी जूनमध्ये येणार नाही!"

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. रस्त्यावरून चाललेलं एक म्हातारं जोडपं थांबलं.

"परत सांग."

"नोकरी लागलीय, पप्पा! मला ती करायचीय!"

तिकडून तोफेचा आवाज आला, मागोमाग काचांचा. मी थांबले. तेही थांबले. आवाज पूर्ण ओसरेपर्यंत दोघंही काही बोललो नाही, घरी थांबायचो तसंच.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," पप्पा म्हणाले. "तिसऱ्यांदा पण तेच म्हणते का, ते बघत होतो." मग त्यांनी विचारलं, "मम्मीला माहीत होतं?"

"हो."

"तरीच. तीन आठवडे भाजीत मीठ नाय धड."

मी हसले आणि रडलेही. ते खाकरले. "गणपतीला तरी येशील?"

"येईन."

"जोरात."

"येईन, पप्पा!"

सोमवारी मी हो कळवलं. आता दर शनिवारी मी घराबाहेर पडते, कालव्याच्या काठाने चालत पप्पांना ओरडून रिपोर्ट देते आणि लोक बघत राहतात. दोन वर्षांत एक सवय मात्र गेली नाही. त्या दिवशी परतीच्या बसमध्येही मी मार्ताला खिडकीच्या सीटवरून उठवून तिच्या उजव्या बाजूला बसले. तिचे दोन्ही कान चांगले आहेत. तिने कारण विचारलं, तेव्हा मी म्हणाले, आमच्या घरी असंच बसतात.