बारा दिवसांची गळती

मेहबूब पखाल्याइतका कुजकट माणूस त्या काळी जुन्नरात शोधून सापडला नसता. कुकडी नदीचं पाणी कातड्याच्या पखालीत भरायचं, पखाल रेड्याच्या पाठीवर टाकायची आणि घरोघरी पाणी पोचवायचं, एवढाच त्याचा धंदा. पण तोरा असा की जणू नदी यानंच खणलीय. कुणाचा रांजण पाझरला, कुणाची घागर ठिबकायला लागली, की हा दारात उभा राहून नाक मुरडायचा. आपल्या पखालीतून तीस वर्षांत वाटेवर थेंब सांडला नाही, हे तो कुणी न विचारताच सांगायचा. दुर्दैव असं की ते खरं होतं. कातडं वाळू दिलं की ते तडकतं, हे बापानं त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी तो पखाल ओली करून सावलीत ठेवायचा, तेलाचा हात फिरवायचा. त्याची बायको जोहराबी म्हणायची, "एवढं मला जपलं असतं तर लई बरं झालं असतं."

एकोणीसशे आठ साली एक साहेब बंगला आवरून विलायतेला गेला आणि त्याचं धुण्याचं यंत्र चांगदेवरावांनी घेतलं. चांगदेवराव म्हणजे बड्या बागायतीचे धनी. यंत्र म्हणजे काय, तर उभ्या लाकडी फळ्या लोखंडी पट्ट्यांनी आवळून केलेलं पिंप, आत खुंट्या आणि वर फिरवायचा दांडा. रावांनी आल्यागेल्याला ओट्यावर बसवून ते दाखवलं. दांडा फिरवायला मात्र सरूबाई. शिनोलीची ही विधवा बाई नऊ वर्षं त्या घरात राबत होती आणि गोठ्यालगतच्या खोलीत राहत होती. ते काम आणि ती खोली सोडली तर तिला जगात काही नव्हतं. शिनोलीत भाऊ होता, पण भावजय तिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हती.

घरच्या मालकीण ठमाबाई. त्यांचा दंडक असा, की साहेबाची वस्तू आहे, धुणं झालं की पितळेच्या भांड्यासारखी कोरडी पुसायची आणि उन्हात पालथी घालायची. सरूबाईनं चैत्राच्या उन्हात ते इमानानं केलं. पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले आणि यंत्राच्या बुडातून, अंगातून, जिकडून तिकडून पाणी यायला लागलं.

राव सगळ्यांसमोर म्हणाले, "दांडा फिरवला कोणी? हिनं. मग मोडलं कोणी? अमावास्येपर्यंत नीट झालं नाय, तर सरूबाई, तू आपली वाट धर."

मेहबूब तेव्हा तिथंच पखाल रिकामी करत होता. पिंपाकडे त्यानं एकदाच पाहिलं. फळ्या वाळून आकसल्या होत्या, मोडलं काहीच नव्हतं. पण तो बोलला नाही. पाडव्याला याच रावांनी चारचौघांत त्याला हिणवलं होतं, "पखाली, आता यंत्रांचं दिवस आलं. तू आन् तुजा रेडा, दोघंबी म्हातारं झालात." ते त्याच्या मनात सलत होतं. विचारू दे की, हात जोडून विचारू दे, असं म्हणत तो घरी गेला आणि जोहराबीला सांगून पोट धरधरून हसला.

"मग सांगत का न्हाई?" ती म्हणाली. "त्या बाईचं काय?"

"अमावास्येला अजून लई दिस हायेत."

रावांनी वजीर मिस्त्रीला बोलावलं. हा गाड्यांची चाकं बसवणारा दीडशहाणा. पाणी दिसेल तिथं त्यानं डांबर चोपडलं, मग लाख, मग मेण. एक फट बुजवली की शेजारची उघडायची. आणि रोज काम झालं की ठमाबाई ते पिंप पुन्हा उन्हात ठेवायला लावायच्या. मेहबूब रोज पाणी ओतायचा, मिस्त्रीची फजिती पाहायचा आणि मिशीत हसायचा. सरूबाई त्याच्यासमोर वाकून फरशी पुसत असायची.

अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला निघालेल्या मेहबूबला सरूबाई शिनोलीकडे, घोडेगावच्या वाटेला लागलेली दिसली, काखेत एवढंसं गाठोडं. राव असं खरंच करतील हे त्याला वाटलं नव्हतं. एवढा शहाणा माणूस, पण एवढं त्याला वाटलं नव्हतं.

त्या सकाळी रावांनी हात टेकले. म्हणाले, "मेहबूब, तुला काय समजतं का यातलं?" ज्या शब्दांची त्यानं बारा दिवस वाट पाहिली, ते असे मिळाले, आणि त्याला काडीचाही आनंद झाला नाही. त्यानं डांबर-लाख खरवडून काढली, पिंपाला बाहेरून कोरडी राख फासली आणि पाणी ओतलं. प्रत्येक फळीच्या सांध्याला काळी रेघ उमटली.

"भोक कुठंच न्हाई," तो म्हणाला. "लाकूड वाळलंय. दोन दिस भरून ठेवा, फुगंल. उन्हात ठेवलं त्यानंच हे झालं. आता सावलीत ठेवा, पुन्यांदा वाळू देऊ नगा." ठमाबाईंनी दुसरीकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी फक्त बुडाच्या बुचापाशी ठिबकत होतं. तिथं त्यानं तेलात भिजवलेली कातड्याची पट्टी गुंडाळली. पिंप ठणठणीत झालं.

पखाल्यानं यंत्र नीट केलं, परत ये, असा सरूबाईला निरोप गेला. ती आली ती भावाच्या गोठ्यात चार रात्री काढून. ठमाबाई म्हणाल्या, "ठेव गाठोडं, लाग कामाला." जणू ती बाजारालाच गेली होती. सरूबाईनं भरलेलं पिंप पाहिलं, त्याच्यावरची सावली पाहिली आणि ती मेहबूबकडे वळली.

"मेहबूबभाई, तुमाला हे कधी समजलं?"

मेहबूब गळतीबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. "पयल्याच दिशी," तो म्हणाला.

"आन् बारा दिस रोज माज्याम्होरं पाणी वतून जात व्हता."

तिचा आवाजसुद्धा चढला नाही. तिनं गोठ्यालगतच्या खोलीतून आपली राहिलेली वाकळ घेतली आणि ती आल्या वाटेनं निघून गेली. राव हाका मारत राहिले.

पुढं त्या यंत्रात धुणं कधी झालं नाही, कारण त्या घरात दांडा फिरवायला कुणाचा हात वळत नव्हता. पण वाळू द्यायचं नाही, असं मेहबूबच सांगून बसला होता. म्हणून तो रोज सकाळी जायचा, पिंप काठोकाठ भरायचा आणि कुणाशी न बोलता रेडा वळवायचा.