ठिपक्यांचा दोस्त

शेजारच्या वस्तीवरची पोर बिबट्यानं अंगणातून उचलून नेली, त्या दिवसापासून आमच्याकडची पोरं घरात कोंडली गेली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. येडगावच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर ऊसच ऊस, आणि अंगणवाडीची वाट त्या उसातूनच जाते. तिला ने-आण करायला काठी घेतलेला माणूस रोज कुठून आणायचा? मग दाराला बाहेरून कडी आणि आत टीव्ही चालू, अशी तिची शाळा भरायला लागली.

टीव्हीवर लहान मुलांना शिकवायचं एक हिंदी कार्टून लागायचं. त्यात एक गुबगुबीत बछडा, पिवळा, अंगावर ठिपके. होय, बिबट्याचाच. थट्टा करायला दैवाला आमचंच घर सापडलं. टाळ्या वाजवल्या की तो झुडपातून उडी मारून यायचा, रंग शिकवायचा, आकडे शिकवायचा. प्रश्न विचारून डोळे मोठे करून थांबायचा आणि मग म्हणायचा, "शाबाश!" उत्तर बरोबर असो, चूक असो, नाहीतर नसोच, शाबाश ठरलेलं. आल्या आल्या तो विचारायचा, "बताओ, मैं कौन?" आणि माझी मुलगी ओरडायची, "दोस्त!"

मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. बाहेर काम करताना तिचा आवाज कानावर पडत राहायचा, तेवढाच जिवाला आधार.

आम्ही बायका हल्ली शेतात जाताना गळ्यात खिळे ठोकलेला पट्टा घालतो. बिबट्या मान धरतो म्हणून. पूर्वी असा पट्टा कुत्र्याला घालायचे.

एका सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते. टीव्ही ऐकू येत होता, तिचा आवाज येत नव्हता. कडी नीट बसलीच नव्हती. मी धावले. ती उसाच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. "ये ना, दोस्त!" ऊस हलत होता. वाऱ्यानंच असेल. तिला उचलून घरात आणलं आणि कडी दोनदा ओढून बघितली.

नवरा जेवायला आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "उद्यापासून टीव्ही बंद."

"मंग दिवसभर काय करंल ती? भिंतीकडं बघत बसंल?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तिला भ्या दाखव. मला न्हाई जमायचं ते. तूच दाखव."

मी तिला मांडीवर घेतलं आणि शेजारच्या पोरीचं सगळं सांगितलं. तिची चप्पल कुठे सापडली तेही. माझ्या पट्ट्याच्या खिळ्यांवरून तिचं बोट फिरवलं.

"दोस्त चावतो?" तिनं विचारलं.

"मान धरतो," मी म्हणाले.

ती रडली नाही. रडली असती तर तिला जवळ घेऊन मलाही रडता आलं असतं. आपल्या हातानं आपण लेकराचं काहीतरी मारून टाकलं, एवढंच मला कळत होतं, आणि दुसरा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टीव्ही लावला. बछडा उडी मारून आला. "बताओ, मैं कौन?" म्हणाला आणि डोळे मोठे करून थांबला. माझी मुलगी मागे सरकत भिंतीला टेकली आणि तिनं दोन्ही हातांनी मान झाकून घेतली.

"शाबाश!" तो म्हणाला.