शेरडाच्या गळ्यातला फोन

२२ एप्रिल २०२०. चुलीवर कुरडयांचा चीक शिजत होता. तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक एकदा चुलीवर चढला की हात थांबवता येत नाही. थांबला की गुठळ्या. नेमका तेव्हाच तालुक्याहून फोन आला. मी तेलगावच्या अलीकडच्या एका गावची आशा कार्यकर्ती, त्यामुळे तो न घेऊन चालणार नव्हतं. खांदा वर करून फोन कानाशी धरला आणि लाटण्यानं चीक हलवत राहिले.

"मॅडम, तुम्ही रोज गावाबाहेर कुठं जाता?" एक साहेब विचारत होते.

लॉकडाऊनमध्ये लोक किती फिरतात, हे मोबाइलच्या टॉवरवरून बघायचं काम त्यांच्याकडं होतं. माझ्या नावावरचा एक नंबर रोज सकाळी माळाकडं निघतो आणि संध्याकाळी परततो, असं त्यांच्या कागदावर आलं होतं.

"फोन लावला तर उचलत नाही. वर आमचा फोन आला की लगेच जागा बदलता. लपताय कुणापासून?"

"साहेब, मी चुलीपुढं बसलेय."

"उद्या सकाळी गाडी येईल. चौदा दिवस शाळेत राहायचं. कपडे भरून ठेवा."

बाहेरून आलेल्यांना वेगळं ठेवायची शाळेची ती खोली मीच झाडून ठेवली होती. महिनाभर गावाला 'घरात बसा' म्हणून ओरडणारी बाईच तिथं जाऊन बसली असती, तर पुढं माझं कुत्र्यानंही ऐकलं नसतं.

तो दुसरा नंबर कुठला, हे आठवायला लाटण्याच्या चार फेऱ्या लागल्या. शेजारी शेरडं राखणाऱ्या भाऊंचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, म्हणून त्यांचं सिमकार्ड मी माझ्या अंगठ्यावर काढून दिलं होतं. लाटणं नवऱ्याच्या हातात दिलं आणि शेजारी गेले. भाऊ बाजेवर आडवे.

"भाऊ, रोज माळावर हिंडताय कावून? माझ्यावर बालंट आलंय!"

"मी कुठं गेलतो ताई? तुमीच म्हणलात, म्हाताऱ्या माणसानं घर सोडायचं न्हाई. शेरडाला तसं काई म्हणला न्हाईत. ती जातात आपली आपली."

"आणि फोन?"

"म्होरक्या शेळीच्या गळ्यात हाय. घंटी हरवली, बाजार बंद. संध्याकाळी हिच्या फोनवरून रिंग देतो," त्यांनी बायकोकडं बोट केलं. "आली की मका टाकतो. लई हुशार जनावर. पण चार दिसापासून भर दुपारीच कळप घिऊन येतीय, न् मका मागतीय."

साहेबांचा फोन लागला की तो नंबर जागा का बदलायचा, ते मग मला कळलं.

मी साहेबांना फोन लावला. "माझा फोन चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला रिंग द्या. थांबू नका."

थोड्या वेळानं माळावरून धुरळा उठला. सगळ्यात पुढं ती काळी शेळी, गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत वाजणारा फोन. मी माझा फोन तिच्या तोंडाशी धरला. ती ओरडली, चांगली दोनदा.

"हे कोण?" साहेब म्हणाले.

"नंबर वापरणारी. गाडी हिच्यासाठी पाठवता का?"

पलीकडं कुणीतरी मोठ्यानं हसलं. साहेबांनी घसा खाकरला. "मग कागदावर काय लिहू?"

"चरायला गेली होती, असं लिहा. आणि दुपारचे फोन बंद करा, शेरडं अर्धपोटी राहताहेत."

"गाडी रद्द करतो. पण तो फोन उद्यापासून घराबाहेर दिसता कामा नये."

घरी आले तर नवरा इमानानं लाटणं फिरवत होता, पण फक्त मधोमध. चीक कडेनं गुठळ्या होऊन बुडाला करपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरडं सुटायच्या आत मी शेळीच्या गळ्यातला फोन काढून भाऊंच्या खुंटीला अडकवला. स्टीलच्या जुन्या पेल्याला खिळ्यानं भोक पाडलं, आत लोखंडी नट लटकवला आणि तो तिच्या गळ्यात बांधला. करपलेला चीक खरवडून तिच्यापुढं ठेवला आणि गहू परत भिजत घातले.