आमचं बंगळुरू वांगणीला होतं

मी निघालो तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. उल्हासनगर कॅम्प चारमधली आमची गल्ली. तिथे बायका सकाळपासून उंबऱ्यावर बसून जीन्सचे धागे कापतात. त्या दिवशी सगळ्या कात्र्या खाली ठेवून उठल्या, कारण पोरगा बंगळुरूला चालला होता, मोठ्या कंपनीत. समोरच्या पमाताईने माझ्या हातावर साखर ठेवली. "पोचल्यावर फोन कर रे मिलिंदा," आई म्हणाली, आणि म्हणताना तिने माझ्याकडे नाही, पमाताईकडे बघितलं.

त्याआधी पप्पा मला कोपऱ्यावरच्या विहारात घेऊन गेले होते. आमच्यात कुठेही निघायचं तर आधी वंदना. गल्लीतली माणसं मागे बसली आणि पुढे मी, कारण शाळेत होतो तेव्हापासून आमच्याकडे वंदना मीच म्हणतो. पाचवं शील नशेपासून लांब राहण्याचं. ते म्हणताना माझा आवाज अडला नाही, जिभेला सवय असते. पप्पांचा अडला. मागच्या आवाजांतला एक आवाज गळाल्याचं मला पाठमोरं बसूनही कळलं.

बंगळुरूची गाडी कल्याणहून, म्हणून रिक्षा कल्याणच्या बाजूला निघाली. थोडं पुढे गेल्यावर पप्पा ड्रायव्हरला म्हणाले, "घुमाव. अंबरनाथ, बदलापूर, सीधा वांगणी." परतीला आमच्या गल्लीचं तोंड लागतं. "डोकं खाली घे," पप्पा म्हणाले. मी ट्रॉली बॅगेवर वाकलो. ते पुढे ताठ बसून राहिले. जन्मभर जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर म्हणून उभ्याने काम केलेला माणूस, रिक्षात कधी बसायचा नाही. त्या दिवशी बसला, तो मला व्यसनमुक्ती केंद्रात सोडायला.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम. हे मी केंद्राच्या दारातही सांगितलं आणि आजही सांगतो, त्यात लाजायचं काही नाही. दारू का लागली, कुणी लावली, ते इथे उगाळत बसत नाही. लागली. अकाउंट्सची नोकरी गेली, दुसरी मिळाली, तीही गेली. गल्लीत पोरांना अभ्यासाला बसवताना माझं नाव घेतात. आईला ते नाव जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तिने मला बंगळुरूला पाठवलं.

तिने स्वेटरसुद्धा घेतला. दुकानदार सिंधी. तो म्हणाला, "बंगलौर में ठंडी होती है साईं, मोटावाला ले जा." पमाताई सोबत होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. तो जाड मरून स्वेटर घेऊन मी एप्रिलमध्ये वांगणीला उतरलो.

आत गेल्यावर काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो. पहिल्यांदा बॅग उपसतात. मोबाइल, पट्टा, सेंट, दाढीनंतर लावायचं पाणी, सगळं काढून घेतात. अपमान वाटतो. मला तर फार वाटला, मी पदवी सांगितली ती तेव्हाच. घेणारा म्हणाला, "छान. पट्टा द्या." सुरुवातीचे दिवस शरीर बंड करतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. डॉक्टर गोळ्या देतात, नर्स सारखी नाडी बघते. म्हणून सांगतो, मन घट्ट करून घरातच एकदम बंद करायला जाऊ नका, फिट येऊ शकते. आणि जिथे जाल तिथे आधी दोन गोष्टी विचारा: डॉक्टर आहे का, आणि घरच्यांना भेटू देतात का. या दोन्हींवर जो चिडेल त्याच्या दारातून परत फिरा.

मग शरीर शांत होतं आणि खरा त्रास सुरू होतो, तो म्हणजे वेळ. घंटा, झाडू, चहा, गोल करून बसायचं आणि एकेकाने बोलायचं. पहिले कित्येक दिवस मी बोलायच्या नावाखाली भाषणच दिलं. कुणी हसलं नाही. ऐकून घेतात आणि पुढच्याकडे वळतात. तेवढं पुरतं माणसाला जमिनीवर यायला.

रविवार मात्र वाईट. त्या दिवशी घरची माणसं येतात. कुणाची बायको, कुणाचा म्हातारा बाप, पिशवीत चकल्या, केळी. माझी आई आली नाही. वांगणी आमच्या घरापासून लांब नाही, दुपारी निघून संध्याकाळी परत जाता येतं. पण तिचा मुलगा बंगळुरूला होता ना! कुठे चाललीस, असं पमाताईने उंबऱ्यावरून विचारलं असतं तर तिने काय सांगायचं? मी अंगणातल्या आंब्याखाली बसून दुसऱ्यांच्या आया बघायचो.

आठवड्यातून एक फोन मिळायचा. तिकडे आई स्पीकर लावायची, कारण फोन आला की बायका जमायच्याच.

"हवा कशी आहे रे तिकडं?" पमाताई विचारायची.

"मस्त. थंड." कपाळाचा घाम डोळ्यात उतरत असायचा.

"बघ! आणि आम्ही इथं भाजून निघालोय. स्वेटर घालतोस ना?"

"घालतो, ताई."

एकच आभाळ, एकच ऊन, आणि मला दुसऱ्याच गावची हवा सांगावी लागायची. माणूस खरंच परदेशी गेला तर निदान त्याला तिथली हवा तरी मिळते. मला ती पण नव्हती. एवढं एकटं मला दारूतही वाटलं नव्हतं.

केंद्रातून सुटल्यावर लगेच घरी जाऊ नका, असं त्यांनी सांगितलं. मधला एक टप्पा असतो, त्याला ते हाफवे म्हणतात. बदलापुरात कुळगावच्या बाजूला, नव्या इमारतीत एक फ्लॅट. आम्ही पाच जण आणि देखरेखीला कदमकाका. ते स्वतः यातूनच गेलेले. स्वयंपाकाच्या पाळ्या, आठवड्याची बैठक, रात्री आठच्या आत घरात. दारात काका एक नळी पुढे करतात, त्यात फुंकायचं. "फुंक रे ग्रॅज्युएट," ते म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता ते नळी विसरले तर मीच आठवण करून देतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत बिलांचं काम मिळालं. तिथे मुलाखतीत मी खरं सांगितलं. खरं ऐकूनही ज्याने घेतलं त्याच्याकडे मी मान वर करून काम करतो.

पप्पांनी एकदाच येऊन फ्लॅट बघितला. गॅस बघितला, खिडकीची जाळी हलवून बघितली. जाताना म्हणाले, "गल्लीत येऊ नको. यायचंच असलं तर अंधार पडल्यावर ये."

मी गेलोच नाही. माझ्याच घरी मी चोरासारखा का जाऊ? विठ्ठलवाडीहून आमची गल्ली चालत जाण्यासारखी. रोज कामावरून सुटल्यावर अंबरनाथला गाडी धरायची तर एका फलाटावरून घर आणि दुसऱ्यावरून बदलापूर. मी दुसऱ्यावर जायचो. आतल्या आत ठरवून टाकलं होतं, एक तर दिवसा जाईन, नाहीतर बंगळुरूलाच राहीन.

मग एका संध्याकाळी बदलापूरच्या भाजीबाजारात, हातात मेथीच्या दोन जुड्या असताना, समोर पमाताई. तिची मोठी बहीण बदलापूर गावात राहते, तिच्याकडे ती आली होती.

"सुट्टीवर आलोय," मी म्हणालो.

तिने माझ्या पायांतल्या घरातल्या चपला बघितल्या. "बंगळुरूत मेथी मिळत नाही वाटतं," ती म्हणाली. मग माझा चेहरा बराच वेळ बघत राहिली. "तब्येत सुधारली तुझी," एवढं म्हणून गेली.

आता गल्लीभर होणार, असं धरून मी दोन रात्री जागून काढल्या. ती कुणाला काही बोलली नाही. पुढचं आईने मला नंतर सांगितलं. पमाताई जीन्सचा गठ्ठा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. इतर बायकाही होत्या. धागे कापता कापता, मान वर न करता ती म्हणाली, "काकू, मला आमच्या ह्यांना मिलिंदच्या कंपनीत पाठवायचंय. पत्ता द्या."

तिचे 'हे' म्हणजे सुरेशभाऊ, फिटर. ते पितात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं.

आई म्हणाली, "कसली कंपनी?"

"जिथं पोरं अशी माणसांत येतात ती."

आईची कात्री थांबली. तिला अजूनही बंगळुरू म्हणता आलं असतं. तिने कात्री खाली ठेवली आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "वांगणीला आहे. माझा पोरगा दारू सोडायला गेला होता. आता बदलापूरला राहतो, नोकरी करतो." मग पमाताईवर खेकसली, "आणि तुला वर्षभर आधी पत्ता दिला असता तर तुझं घर एवढं खालावलं नसतं, हे पण मला कळतंय. रडू नको."

त्या संध्याकाळी पप्पांचा फोन आला. त्यांना फोनवर बोलता येत नाही, दम लागल्यासारखं बोलतात.

"रविवारी ये."

"किती वाजता?"

"उजेडात ये."

मी सकाळी गेलो. गल्लीत शिरलो तेव्हा बायका उंबऱ्यावर होत्या. एकीने पदर सावरला, एक आत गेली, एक म्हणाली, "आला का रे?" सगळ्यांना आवडलं असं नाही. आवडावं असंही नाही. पण मला बघून कुणाला हवा विचारावी लागली नाही.

समोर पमाताईच्या घरात सुरेशभाऊ कॉटवर बसले होते, दाढी करून. "आत मारतात का रे?" त्यांनी हळूच विचारलं. मी सांगितलं, पट्टा घेतात, सेंट घेतात, पहिले दिवस हात ऐकत नाहीत, मग ऐकतात. "आणि घरच्यांना भेटू देतात?" "रविवारी मी येईन भेटायला. ताई पण येईल. आता कुणाला चोरून यायचं नाही." मी येताना आणलेली माझीच ट्रॉली बॅग त्यांच्यासाठी भरली. त्यात मी तो मरून स्वेटर घातला. शेतांतून वारा येतो, थंडीत लागेल.

निघण्याआधी विहारात वंदनेला पप्पांनी मला पुढे बसवलं. पाचव्या शीलापाशी माझा आवाज अडला. पप्पांनी ते मागून पुरं केलं, मोठ्याने, मग सगळ्यांनी.

मी अजून कुळगावच्या फ्लॅटमध्येच राहतो. आठला परत जातो, नळीत फुंकतो. घरी कायमचा कधी जाणार, माहीत नाही, आणि घाईही नाही. गल्लीतून निघताना आता मी कुठे चाललो ते सगळ्यांना माहीत असतं. मला घर म्हणजे तेवढंच हवं होतं.

त्या रविवारी सुरेशभाऊंना सोडायला रिक्षात मी बसलो. आई दारातून ओरडली, "पोचल्यावर फोन करा!" आणि पहिल्यांदा पमाताई हसली, डोळे पुसता पुसता. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि कल्याणकडे न जाता सरळ अंबरनाथच्या बाजूला वळली. सुरेशभाऊंनी सवयीने मान खाली घातली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "वर बघा," म्हणालो. "सगळे हात हलवतायत."