आईच्या वाटचा रोडगा

त्या शनिवारी मी नागपूरहून पांढुर्ण्याला घरी पोहोचले, तेव्हा ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात वांग्यांची पोती, दुसऱ्यात गोवऱ्यांचा ढीग, आणि मधे बाजेवर मांडी ठोकून लसूण सोलत बसलेली आत्या. ही बाबांची मोठी बहीण, सौंसरची.

"आल्या इंग्रजी बाई!" ती म्हणाली. "ये, बस. लसूण सोलता येते का, का तेही शाळेत शिकवलं नाही?"

मी हसून तिच्याजवळ बसले. लहानपणापासून मी नागपूरला होस्टेलवर, इंग्रजी शाळेत. घरी बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी हसायचं, म्हणून मी बहुतेक ऐकतच असे.

एवढी धावपळ नवसाची होती. पावसाळ्यात आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाबांनी आत्याच्या बागेतल्या मारुतीला रोडगे बोलले होते. आई बरी झाली की सगळा गोतावळा बागेत न्यायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे गोळे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्या घरची एक रीत होती. ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला रोडगा खायचा आणि ताटात कण उरवायचा नाही. उरला तर नवस अर्धाच फिटला असं समजत.

"मले तं घाईच वाटते बाप्पा," आत्या बाबांना म्हणाली. "डॉक्टरनं पुन्हा दाखवाले बोलावलं ना? दाखवून या, मंग फेडा. काम झाल्याबिगर देवाले कोणी देते का?"

"उद्याच करू, बाई. संत्री उतरल्यावर बागेत मजा नाही राहत."

"हे काय कारण झालं?"

बाबा गोवऱ्या मोजल्यासारखं करत राहिले.

दुपारी सगळ्यांना वाढून झाल्यावर आई एकटी स्वयंपाकघरात जेवायला बसली. मी पाणी प्यायला आत गेले. तिनं पोळी दुधात कुस्करली होती आणि बराच वेळ बोटांनी दाबत होती. मग मान किंचित वाकडी करून एक घास गिळला, त्यामागे पाण्याचा घोट घेतला. पुन्हा घास, पुन्हा पाणी.

"काय पाहून राहिली?"

"दुखतं?"

"उतरत नाही गं खाली." तिनं दाराकडे पाहिलं. "उद्या काही बोलू नको. इतके लोक आले. अन् तुझ्या बाबांना तं अजिबात नाही."

रविवारी सकाळी सौंसरच्या बसमध्ये अर्धी माणसं आमचीच होती. बस सुटताना काकूला आठवलं की तुपाचा डबा घरीच राहिला. बाबा उतरून पळत सुटले. कंडक्टर शिट्टी वाजवत होता आणि आत्या त्याला सांगत होती, "वाजव, बाबू, वाजव. तुपाबिगर मारुती काही उठत नाही, अन् आम्हीही नाही." सगळी बस हसली. बाबा डबा छातीशी धरून घामाघूम परत आले, तेव्हा अनोळखी माणसांनीही टाळ्या वाजवल्या. आई हसता हसता डोळे पुसत होती. तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

बागेत झाडं संत्र्यांनी वाकली होती. आत्यानं एक तोडून माझ्या हातावर ठेवलं. "घे. हे मराठी मिडियमचं आहे." मी मोठ्यानं हसले, आणि आत्या मला पहिल्यांदा पाहत असल्यासारखी पाहत राहिली. आई उन्हात सतरंजीवर बसून लेकरांना संत्री सोलून देत होती.

रोडगे करणं पुरुषांचं काम. काका मोठ्या परातीत जाडसर कणीक मळत होते. बाबा मात्र एका लहान पातेल्यात वेगळी मळत होते. पाण्याऐवजी दूध, आणि तूप सढळ हातानं.

"ते कोणाचं रे?" आत्यानं विचारलं.

"देवाचं."

तो गोळा त्यांनी निखाऱ्याच्या कडेला, जिथं आच मंद होती तिथं ठेवला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भाजल्यावर फडक्यानं राख झटकली आणि वरचं कडक कवच नखांनी सोलून टाकलं. मारुतीपुढून तो रोडगा आईच्या ताटात आला, कुस्करून, तुपात भिजवून. तेव्हा मला कळलं की बाबांना ठाऊक आहे.

सगळे आईकडे बघत होते. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिचा हात गळ्याशी गेला आणि डोळे भरून आले.

"ठसका लागला," तिच्याआधी बाबाच बोलले.

"पाणी पी गं. एवढा मऊ तं आहे," आत्या म्हणाली.

ताटात अर्ध्याहून जास्त उरलं होतं. आई त्याच्याकडे पाहत राहिली. बाबांनी वाढता वाढता वरणाची बादली खाली ठेवली, तिच्याजवळ बसले, ताट आपल्याकडे ओढलं आणि खायला लागले.

मग आत्याला हसू फुटलं. "अगं बाई! बायकोचं उष्टं! सौंसरात कोणी पाहिलं तं?"

"पाहू दे सौंसरले. नवस म्या बोलला होता. अर्धा माझा."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आईही हसली. बाबांनी शेवटचा कण बोटानं टिपून खाल्ला. आत्याचं हसू तोवर थांबलं होतं. ती उठली आणि विझत आलेल्या गोवऱ्या उगाच काडीनं हलवत बसली.

परतीच्या बसची वाट बघताना मी बाबांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून. चकली नुसती हातात धरून बसली होती." ते रस्त्याकडे पाहत होते. "उद्या नागपूरला नेतो. नंतर तिले खाता आलं नसतं."

"पण ती बरी झाली नाही, बाबा."

"पावसाळ्यापासून आजवर तं दिलं ना त्यानं. तेवढ्याचं फेडाले नको?"

बसमध्ये आई खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. बाबा पुढे तुपाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. आई संत्र्याची एकेक फोड चोखून चोथा माझ्या तळहातावर ठेवत होती.

"त्यांना काही कळलं तं नाही ना?" तिनं हळूच विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढची फोड तोंडात घातली.