तिसऱ्या अंकातला बंब

आमच्या घरी सध्या आग विझवणाऱ्या जवानांची एक मालिका चालू असते. परदेशातली आहे, हिंदीत बोलवून घेतलेली, आणि सुनेच्या म्हणण्याप्रमाणे हे तिचं कितवंतरी वर्ष आहे. दर भागात एक आग, एक अपघात आणि रुग्णवाहिकेतल्या एका पोरीचं रडणं. आगीतून बाहेर आलेल्या माणसाच्या भुवयासुद्धा शाबूत असतात. सून डोळे पुसते, मी उठून स्वयंपाकघरात जाते. माझ्या वाट्याचं असलं नाटक मी विशीतच पाहून संपवलं आहे.

ते नाटक आमच्या गावच्या नगराध्यक्षांनी लिहिलं होतं. महाराष्ट्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. गाव रेल्वेलाइनवरचं, कापसाचं. दर हंगामात कुठे ना कुठे पेटायचं, म्हणून नगरपालिकेने लष्कराची एक जुनी लॉरी घेऊन तिच्यावर पाण्याची टाकी आणि पंप बसवला. हाच आमचा आगीचा बंब. अध्यक्ष पेशाने वकील. कोर्टात त्यांचं कोणी फारसं ऐकत नसे, म्हणून ते नाटकं लिहीत. बंब आला तसं त्यांना स्फुरण चढलं.

नायक म्हणजे आग विझवणारा शूर जवान, त्याचा मित्र मलमपट्टी करणारा, आणि दोघांचंही जिच्यावर प्रेम अशी एक मुलगी, जी प्रत्येक प्रयोगात भाजायची. गणपतीत एकदा करून हौस फिटेल असं वाटलं होतं, पण लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग दरवर्षी अध्यक्ष पुढची गोष्ट जोडू लागले. तिसऱ्या वर्षी त्यांनी नायकाला जाळून मारलं, तर बाजारातल्या बाया त्यांच्या अंगणात येऊन भांडल्या. चौथ्या वर्षी नायक विहिरीतून जिवंत निघाला. आगीत मेलेला माणूस विहिरीतून कसा निघाला, हे गावातल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही.

नायकाचं काम जकात नाक्यावरचा कारकून करी. घरची चूल फुंकताना ह्याला ठसका लागायचा. मलमपट्टीवाले आमचे ड्रॉइंगचे मास्तर. मुलगी पाय भाजून पडायची आणि हे डोकं बांधायचे, कारण डोकं मागच्या रांगेतून नीट दिसतं. मुलगी म्हणजे पोस्टातला एक किडकिडीत मनुष्य, लुगडं नेसलेला. प्रयोगानंतर तिघेही आठवडाभर असे चालायचे, की वाटावं अख्खं गाव ह्यांनीच वाचवलं.

लोक खरे यायचे ते तिसऱ्या अंकासाठी. मैदानात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची झोपडी उभी करायची, ती खरोखर पेटवायची, आणि मग घंटा बडवत गर्दीतून खरा बंब आत यायचा. आसपासच्या खेड्यांतही प्रयोग होत; तिथे वीज नव्हती, म्हणून ते बाजाराच्या दिवशी, दुपारी चारला. एकदा तर बंब घाट चढून पार अमडापूरपर्यंत नेला. ते दोन दिवस गावात बंब नव्हता, आणि त्याची काळजी बाबांखेरीज कोणालाही वाटली नाही.

बंब चालवायचे ते माझे बाबा. गावात आग विझवता येणारा माणूस तेच एक. कापूस वरून विझतो आणि आत धुमसत राहतो, नुसतं पाणी मारून उपयोग नाही, ढीग उपसून मोकळा करावा लागतो, हे त्यांना कळत होतं. नाटकात त्यांना एक वाक्य नव्हतं आणि हस्तपत्रकावर नावही नव्हतं.

बाबांना कायम व्हायचं होतं. नगरपालिकेत अकरा वर्षं ते तात्पुरते होते आणि वयाची अट अंगावर आली होती. त्या वर्षी झालं नाही तर कधीच होणार नव्हतं. घरात आम्ही सगळे ह्याच एका गोष्टीकडे डोळे लावून बसलो होतो. अध्यक्ष प्रत्येक प्रयोगाआधी म्हणत, "या हंगामात तुमचं करून टाकू." म्हणून बाबा बंब नेत. म्हणून मीही बुलढाण्याचं कॉलेज बुडवून, बसचे धक्के खात येऊन विंगेत हातात वही धरून उभी राहत असे. अध्यक्षांचं गिचमिड अक्षर फक्त मलाच लागायचं. ती भिकार वाक्यं मी कारकुनाला हळू आवाजात सांगायची आणि तो ती छाती फुगवून ओरडायचा. तिसऱ्या अंकात मी लाल रुमाल हलवला, की बाबा बंब सुरू करत.

सहाव्या वर्षी गावापासून दोन कोसांवर प्रयोग होता. पदं मंजूर करणारे वरचे साहेब पाहुणे म्हणून आले होते. अध्यक्षांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेबांना बंब आवडला की सही झालीच समजा." बाबांनी त्या दिवशी बंब दोनदा पुसला.

दुसरा अंक संपत आला होता. मागच्या बाजूने एक माणूस सायकल टाकून धावत आला. आमच्या गावचा पिंजारी. अर्ध्या गावाच्या गाद्या तोच पिंजायचा, आमच्याही. श्वास लागला होता. बाबांचा हात धरून म्हणाला, "भाऊ, बंब काढा. माह्या घरातला कापूस पेटला."

"घरात कोण हाये?"

"कोणी नाही. बायको बाहेर निघाली. पण लोकायच्या गाद्या हायेत आत, सारा माल हाये."

बाबा चढून बसले, चावीला हात लावला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग बाई, काय करू?"

स्टेजवर कारकून ओरडत होता, की आता एक क्षणही दवडून चालणार नाही. ते वाक्य मीच त्याला नुकतं सांगितलं होतं. टाकीत पाणी एका आगीपुरतंच होतं, हे मला माहीत होतं. झोपडीवर ते संपलं की विहिरीवर जाऊन टाकी भरायला अर्धा तास लागणार, हेही माहीत होतं. पिंजाऱ्याला ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, दहा मिनटाचं काम हाये. सायेब बसून राह्यले. घरात कोणी नाही म्हणते ना तो? अंक झाल्यावर जा." आणि पिंजाऱ्याला म्हटलं, "तुमी व्हा पुढं, बंब आलाच तुमच्या मागं."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि सायकलवर बसून गेला. बाबांनी चावीवरचा हात काढला. मी रुमाल हलवला.

प्रयोग फार रंगला. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

टाकी भरून बाबा पोचले तेव्हा छप्पर खाली आलं होतं. त्यांनी ढीग उपसून सगळं नीट विझवलं, पण राखेखेरीज काही उरलं नव्हतं. पिंजाऱ्याच्या बायकोला नवऱ्याने येऊन सांगितलं होतं, की बंब येऊनच राह्यला. तेवढ्या वेळात लोकांच्या गाद्या निघतील तेवढ्या काढू, म्हणून ती आत शिरली आणि दोन्ही हातांनी धुमसता कापूस ओढत राहिली.

महिन्याभरात बाबांचा हुकूम आला. ते कायम झाले. आईने गल्लीभर पेढे वाटले आणि मी दोन खाल्ले. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीच्या नाटकात पिंजाऱ्याची आग घातली. त्यात कारकून वेळेवर पोचला आणि लोकांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. मी कारकुनाला, अध्यक्षांना, त्या प्रेक्षकांना मनात शिव्यांची लाखोली वाहिली, आणि वही धरून उभी राहिले.

दिवाळीनंतर आईने नेहमीप्रमाणे पिंजाऱ्याला गाद्यांसाठी बोलावलं. अंगणात त्याने कापूस पिंजला, खोळीत भरला आणि शिवायलाही स्वतःच बसला. आधी शिवायला बायको यायची. संध्याकाळी त्याने मला हाक मारून गादी दाखवली.

"टाके वाकडे पडले, ताई. तिच्या हातानं आता सुई धरवत नाही. सांभाळून घेजा."

मी गादीचं टोक उचलून टाके पाहिले.

"भाऊ कायम झाले म्हणे?"

"हो."

"चांगलं झालं. लय वर्षं राबले ते." मग सुई-दोरा पिशवीत टाकत म्हणाला, "माहीच चूक झाली त्या दिवशी. आधी शेजारच्यायले घेऊन बादल्याच मारत बसलो. नाटक लागायच्या आधी पोचलो असतो, तर बंब मोकळा भेटला असता."

मी शिकलेली, तोंडाने फटकळ, अख्ख्या गावाला नावं ठेवणारी. मी त्याला म्हटलं, "हो ना, जरा लवकर यायला पाहिजे होतं तुम्ही."