मास्तरांनी शर्ट काढला तेव्हा
डिसेंबर १९९३, सोमवार सकाळ, नवीन पनवेलमधला दवाखाना. हजर: डॉक्टर, कंपनीचे साहेब, शाळा सोडून आलेले एक मास्तर आणि नर्सिंग सोडून आलेली मी. ईसीजी मशीन विकायची नोकरी एकालाच मिळणार होती. मशीनचे बारा गुण मी पाठ केले होते. चौथा सांगत होते, तोच मास्तर शर्ट काढून टेबलावर आडवे झाले. “माझ्यावरच बघा, डॉक्टर. वीस वर्षं पोरांनी जाळलेलं काळीज आहे.” डॉक्टर खळखळून हसले. साहेब मला म्हणाले, “सिस्टर, तेवढ्या वायरी लावा.” मी जेली चोळून एकेक वायर नेमक्या जागी लावली. आलेख स्वच्छ आला, मशीन खपलं आणि नोकरी मास्तरांना मिळाली. परवा माझाच ईसीजी काढताना ती थंड जेली लागली आणि तोच जळफळाट पुन्हा झाला. मास्तरांचं अभिनंदन करायचं अजून राहिलंच आहे.